घट्ट झाकणाची बरणी

पार्वतीबाईंनी निळ्या डब्याला हात लावला नाही. कचरागाडीचं गाणं जोरात वाजत होतं, गल्लीतल्या बायका डबे घेऊन फाटकांशी उभ्या होत्या, आणि पार्वतीबाई चिंधी बांधलेलं बोट वर धरून गाडीच्या मागच्या पायरीवर उभ्या होत्या.

"पहिले सांगा, सुई कोणाच्या घरची हाय?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"काल याच गल्लीत टोचली. सुक्या कचऱ्यात पेपरची पुडी होती, मी उकलाले गेली. दवाखान्यात गोळ्या देल्या, अठ्ठावीस दिवस घ्या म्हणे. एका गोळीतच दोनदा उलटी झाली. ज्याची सुई त्याचं रक्त चांगलं निघालं, तं गोळ्या बंद. मी भांडाले नाही आली, बाई."

"या मिनलले विचारा न," समोरच्या भावनाताई म्हणाल्या. "एमएस्सी हाय ते. तिनंच तं कागद चिकटवले सगळ्यांच्या फाटकावर."

मिनलनं कागद चिकटवले होते हे खरं. हिरव्यात ओला, निळ्यात सुका, सुया आणि जुनी औषधं तिसऱ्या पिशवीत. खाली कंसात कारणंही दिली होती.

"आईच्या इन्सुलिनच्या सुया मी बरणीत टाकते," ती म्हणाली. "जाड प्लास्टिकची बरणी आहे, झाकण घट्ट. वर लाल मार्करनं 'सुया' लिहिलंय. भरली की वेगळी देणार आहे."

"माह्या हातात तं अजून आली नाही, ताई."

"कारण भरली नाही अजून." हे बोलताना तिनं मनात हिशेब केला. दिवसाला दोन सुया, पाच महिने. तीनशे. बरणी भरायला हवी होती.

ती आत गेली. फ्रिजच्या वर बरणी नव्हती. धुळीत फक्त तिच्या बुडाचा गोल होता.

बरणी ओट्यावर सापडली. स्वच्छ घासलेली, आत काठोकाठ लाल मिरच्या. प्लास्टिकवर 'सु' राहिला होता, 'या' निघून गेला होता.

"आई, यातल्या सुया कुठं आहेत?"

प्रेमिलाबाई चहा गाळत होत्या. "पेपरात बांधून टाकल्या परवाच. एवढी चांगली बरणी, हवा शिरत नाही अंदर. भिवापूरची मिरची हाय, डब्यात खराब होऊन राहिली होती."

"कोणत्या डब्यात टाकल्या?"

"निळ्या. पेपर सुकाच असते न? तूच तं लिहून ठेवलं."

मिनलनं घड्याळ पाहिलं. पावणेआठ. गाडी काल साडेसातला आली होती. म्हणजे सव्वाचोवीस तास झाले. दुसऱ्या गोळीची वेळ झालीच असेल.

"पार्वतीबाईंना टोचली ती. तुझं रक्त तपासावं लागेल."

"कशासाठी?"

मिनलनं तीन आजारांची नावं सांगितली. तिसरं, एचआयव्ही, ऐकून प्रेमिलाबाईंनी गाळणी खाली ठेवली.

"मले ते बिमारी? वेडी झाली काय वं तू?"

"तसं नाही म्हणत मी. तुला काही नाही हे कागदावर आलं की त्यांच्या गोळ्या थांबतील."

"अन् गल्लीत काय सांगशील? प्रेमिलाबाई कशाची तपासणी कराले गेली म्हणून? काही सांगू नको. नुसती शुगरची सुई हाय. काही होत नाही."

"होत नाही, हे तुला कसं माहीत?"

बाहेर गाणं हललं. गाडी दोन घरं पुढं गेली असावी. मिनल ओट्याशी उभी राहिली, मग फ्रिजपाशी गेली, पुन्हा ओट्याशी आली. गाणं आणखी एक घर पुढं गेलं. तिनं बरणी उचलली आणि अनवाणीच बाहेर धावली.

गाडी गल्लीच्या टोकाशी होती. मिनल धापा टाकत समोर उभी राहिली. वाक्य तयार होतं, पण तोंडातून एकच शब्द निघाला.

"आमची."

पार्वतीबाईंनी बरणीकडं पाहिलं, मग उरलेल्या 'सु'कडं. भावनाताई कठड्यावरून वाकून बघत होत्या.

"कागद तुमचाच न, ताई?" पार्वतीबाई हळूच म्हणाल्या.

मागून चपलांचा आवाज आला. प्रेमिलाबाई घरच्याच साडीत, पदर कमरेला खोचून, सरळ गाडीपाशी आल्या.

"पोरीच्या नाही. माह्या सुया हायेत," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कोणता दवाखाना हाय?"

पार्वतीबाईंनी चिंधीचं बोट खाली घेतलं. मग पायरीवरून म्हणाल्या, "पुढं बसा, काकू. मांगं वास येते."

ड्रायव्हर दुर्गेशनं शेजारच्या सीटवरचं फडकं उचललं. प्रेमिलाबाई दांडी धरून चढल्या.

"ते गाणं बंद कर गा."

"बटन बिघडलं, काकू. गाडी चालू हाय तोवर वाजतेच ते."

गाडी दवाखान्याच्या दिशेनं वळली. पुढच्या गल्लीत गाणं ऐकून फाटकं उघडू लागली. लोक हिरवे-निळे डबे घेऊन बाहेर आले आणि उभे राहिले. गाडी थांबली नाही. पुढच्या सीटवर प्रेमिलाबाई ताठ बसल्या होत्या, रक्त द्यायला डाव्या हाताची बाही आतापासूनच वर सरकवलेली.