दगडातली रेघ

शिंप्याच्या दुकानाबाहेर, भिंतीच्या दगडात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक जुनी रेघ कोरलेली होती. दर वर्षी मोजणीवाले साहेब यायचे, दुर्बीण लावून ती बघायचे आणि चकार शब्द न काढता निघून जायचे.

"पाणी मुरतंय कुठंतरी," शिंपी बायकोला म्हणाला. "त्या रेघेपर्यंत रस्ता उंच करणार. आपलं दुकान गेलं खड्ड्यात!"

"अहो, मग विचारा की त्यांना."

"विचारल्यावर खरं सांगणारेत होय?"

त्याने गुपचूप गवंडी बोलावला, रेघ बुजवली आणि हुबेहूब तशीच वीतभर खाली कोरून घेतली.

यंदा साहेबांनी तीनतीनदा मोजलं, घाम पुसला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.



"काका, शंभर वर्षांत ही खूण केसभर हलली नव्हती. इमारत वीतभर खचलीय, आजच्या आज दुकान रिकामं करा!"