वाढतं माप

"सातचाच घे, माय," निवृत्ती लेकीला म्हणाले. "वाढतं माप कधी वाया जात नसतं."

निशिगंधा बत्तीस वर्षांची. तिचा पाय आता आणखी कुठे वाढणार होता, ते निवृत्तीच जाणोत. पण बुटांच्या दुकानात शिरलं की त्यांच्या लेखी ती तिसरीत असायची.

बरकतपुऱ्यातलं हे दुकान गिर्यारोहणाच्या सामानाचं. परवा ती हिमाचलला निघणार होती. तिथे हातापायांनी खडक चढायचा, वर थोडा बर्फ. बूट तिने हेरून ठेवला होता. तळ कडक, टोकाला रबर, नंबर सहा. जाड मोजा घालूनही बोटं पुढे टेकत नव्हती आणि टाच हलत नव्हती. बुटाकडून याहून जास्त मागू नये.

निवृत्तींनी टोक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "बोटायला जागाच नाही. सातचा सैल झाला तं पुढं कापूस घालू. आणलाय मी." त्यांनी शर्टाच्या खिशातून कापसाचा बोळा काढला.

दुकानदाराला हसू आवरेना. "अंकल, इत्ता बडा नक्को. पाँव अंदर सरका तो पत्थर पे कैसा टिकिंगा?"

"तुम चुप बैठो जी. बच्ची मेरी है."

निशिगंधा त्या बोळ्याकडे बघत होती. शाळेत तिच्या प्रत्येक बुटाच्या टोकात कापूस असायचा. बाकीच्या पोरी चावलेल्या टाचा घेऊन लंगडायच्या, ही कधी लंगडली नाही. त्याबद्दल तिने बाबांचे आभार मानले नव्हते; आपल्यात आईबापाचे आभार मानतं का कुणी? आज मात्र तिला ते सगळं एकदम आठवलं. अशा माणसाला नको कसं म्हणायचं? आणि सैल बूट घालून खडकावर तरी कसं जायचं?

तिने सातचा घातला, नाड्या आवळल्या. कोपऱ्यातल्या उभ्या फळीवर, बूट पारखून बघायला, दगडाच्या कपच्या बसवलेल्या होत्या.

"बाबा, बघा हं."

बोटभर रुंद कपचीवर तिने टोक टेकवून अंगाचा भार दिला. बुटाच्या आत टाच उचलली, पाय सरकला, टोक निसटलं. फूटभर उंचीवरून ती खाली आली ती थेट बाबांच्या हातांत. हात त्यांनी आधीच पुढे केलेले होते.

निवृत्तींचा चेहरा उतरला. उंची फूटभरच होती, पण त्यांना तिथे हिमाचल दिसलं असावं.

"सहाचा घाल."

सहाचा घालून ती त्याच कपचीवर चढली, मग वरच्या. बूट जागचा हलला नाही. खाली बाबांचे हात तसेच पसरलेले.

"छे नंबर का इच बांधो, भाई," ते म्हणाले आणि सातचा खोका त्यांनी स्वतःच बाजूला सारला.

कापूस तेवढा मुठीत राहिला. तो परत खिशात घालायला त्यांना जमेना.

निशिगंधाने हात पुढे केला. "द्या इकडे."

"आता कामून? याच्यात जागा कुठंय?"

"वर वारा लई असतो, बाबा. कानात घालीन."

निवृत्तींनी बोळ्याचे दोन भाग केले. दोन्ही तिच्या कानांच्या मानाने जरा मोठेच झाले.