वरचं मीटर

जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपुढं वर्षाराणी श्वास रोखून उभी होती. पेटीत दोन मीटर. एकावर हिरव्या रंगात 'वर' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'खाली'. 'वर'चा लाल दिवा तिच्याकडं बघून असा भराभरा डोळे मारत होता, की एखाद्या पोरानं मारले असते तर तिनं चप्पल हातात घेतली असती.

रविवार, भर दुपार. वरच्या दोन खोल्यांत ती अन् ऋतुराज भाड्यानं राहायचे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं हे त्यांचं पहिलं घर. खाली मालकीण झुंबरबाई, एकटी. पण एकटीचा थाट बघा! फ्रिज असा घरघरायचा, जणू उसाचा ट्रॅक्टर घाट चढतोय. टीव्हीतली सासू कडाडली की पलीकडच्या गल्लीतल्या सुना पदर सावरायच्या. त्यात आत्ता मिक्सरही लागला होता.

एवढं सगळं ही बाई कुणाच्या जिवावर चालवते? वर्षाराणीला पक्कं ठाऊक होतं. आपल्याच.

वर कपाटात पाच पाकिटं होती. भाडं, दूध, किराणा, लाईट, अन् ऋतुराजचं कागलला कंपनीत जायचं पेट्रोल. लाईटच्या पाकिटात बाराशे. झुंबरबाईनं वर धाडलेलं बिल पंधराशे चाळीसचं. लागोपाठ तिसरं. दर वेळी दुधाच्या पाकिटात हात घालायचा, अन् शेवटचा आठवडा कोऱ्या चहावर काढायचा. काल ऋतुराजनं हात टेकले होते. "आणि एक बिल असं आलं की खोली सोडू. शाहूवाडीस्नंच जाऊन-येऊन करतो मी."

शाहूवाडीला सासरचं घर ऐसपैस होतं. माणसं चौदा होती. आतनं कडी लागेल अशी खोली मात्र एकपण नव्हती.

पहिल्या बिलापास्नंच वर्षाराणीचा डोळा झुंबरबाईवरनं हलला नव्हता. ही रोज ताक देते. का देते? आजकाल फुकट कोण काय देतं? पोरी म्हणून हाक मारते, त्यातही काहीतरी असणारच. ताक ती प्यायची, न्हाय असं न्हाय. पण प्रत्येक घोटाला वास घेऊन.

मिक्सरचा आवाज आला, तशी डाळीचा कुकर शेगडीवर टाकून ती अनवाणीच जिना उतरली. गॅस अजून मिळाला नव्हता. चहापासनं आंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं लाईटवरच. बेत सोपा होता. आपल्या मीटरचा मेन स्विच पाडायचा. खालचा टीव्ही बंद पडला, की चोर सापडला.

तिनं 'वर'चा स्विच पाडला. खट्!

टीव्हीतली सासू शिवी देता देता गप्प झाली. मिक्सर थांबला. फ्रिजनं एक उचकी दिली अन् जीव सोडला.

"घावली!" वर्षाराणी मनातल्या मनात अशी ओरडली, की रंकाळ्यातली बदकं उडाली असतील.

नवऱ्याला सांगायला ती जिन्याकडं धावली. पहिल्याच पायरीवर पाय, अन् वरनं कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, खणखणीत.

"वर्षा, दोन झाल्या बघ!" ऋतुराजचा आवाज आला. "अन् वर आलीस की पंखा जरा बारीक कर. उठायचा कंटाळा आलाय."

पंखा चालू. शेगडी चालू. अन् स्विच तर तिनं स्वतःच्या हातानं पाडलेला.

ती पुन्हा पेटीकडं आली. 'वर'चा दिवा थंड पडला होता. शेजारचा 'खाली' लिहिलेला दिवा, ज्याच्याकडं तिनं तीन महिन्यांत कधी मान वळवली नव्हती, तो याड लागल्यागत लुकलुकत होता. खालचं घर वरच्या मीटरवर होतं. अन् वरचं घर खालच्या.

दार करकरलं. झुंबरबाई बाहेर आली, हातात ताकाचा पेला. "लाईट गेली काय गं?"

"स्विच... स्विच पडला असंल काकी." वर्षाराणीनं चटकन तो वर केला. आत ट्रॅक्टर पुन्हा घाट चढू लागला.

"त्या वायरमनचं काम हाय हे! तुम्ही राहायला यायच्या आदी ही नवी पेटी बसवून गेला, तवापास्नं काय खरं न्हाय बघ. माझं बिल किती आलंय सांगू? एकवीसशे! एकट्या म्हातारीला! मी काय लाईट भाकरीसंगं खाती व्हय?"

एकवीसशे. वर्षाराणीच्या डोळ्यांपुढं पाचही पाकिटं फडफडत उडून गेली.

झुंबरबाईनं इकडं-तिकडं बघितलं अन् आवाज बारीक केला. "कोणतरी माझी लाईट चोरतंय. मला तर त्यो शेजारचा बाळासो वाटतोय. नजरच चोरटी हाय मेल्याची. उद्या वायरमनला बोलवलाय मी. चोर घावू दे, गल्लीभर वरात काढते. तू साक्षीला थांबायचं हां पोरी. तुझ्यावर माझा भरोसा हाय."

तिनं पेला पुढं केला. वर्षाराणीनं आज वास घेतला नाही. एका दमात पेला रिकामा केला, अन् तो परत द्यायचा सोडून हातात तसाच घट्ट धरून उभी राहिली. "काकी..." तिनं सुरुवात केली.

वरनं तिसरी शिट्टी झाली.

"जा बाई, आदी शेगडी बंद कर," झुंबरबाई मायेनं म्हणाली. "उगं तुझं बिल वाढंल."