फटाक्यांची लड

पिकल्या वयात गेलेल्या सुभेदार मारोतरावांची मयत वाजतगाजत न्यायची, असं रिठदच्या पोरांनी ठरवलं. अंगणात फटाक्यांची लड पसरली, तशी सुभेदारांची बायको गोजराबाई आडवी आली.

"नका रे पोरंहो, पाया पडते तुमच्या!"

"काकू, तुमाले भेव लागते तं घरात जा," पुतण्या गणेश म्हणाला.

बायको फटाक्यांना भिते, हे सुभेदारांनीच गावभर सांगितलं होतं. फौजेतून आल्यापासून दर दिवाळीला ते तिला घेऊन शेतातल्या झोपडीत राहायला जात.

गणेशने काडी ओढली. गोजराबाई तिरडीकडे धावली. नवऱ्याचे दोन्ही कान तिने तळहातांनी घट्ट झाकले आणि दर दिवाळीला म्हणायची तेच म्हणाली, "भेऊ नका, मी हाय ना."