इंजेक्शनला दोघी

पेशंट मारल्याबद्दल एका नर्सला जन्मठेप झाली आणि ती खरंच दोषी की नुसताच बळीचा बकरा, यावर जो तो तावातावाने भांडू लागला. बेशुद्ध वडिलांच्या उशाशी बसून थोरले चिरंजीवही फोनवर मेहुण्याला झाडत होते, "पुरावा कसला मागतोस? ही जमातच तसली. पेशंटजवळ एकटी नर्स सोडायचीच कशाला?"

समोर वॉर्डातली सिस्टर त्याच म्हाताऱ्याची कूस बदलून पाठीला पावडर लावत होती. तिने ऐकलं आणि पावडरचा डबा बंद केला.

साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. मेट्रनच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी असा काही तमाशा केला की त्या दिवसापासून आजोबांना साधं इंजेक्शन द्यायलाही दोन-दोन नर्स जाऊ लागल्या. बाटलीचा फोटो काढल्याशिवाय चिरंजीव सुई टोचू देत नसत. बापाला किती जपतो पोरगा, म्हणून नातेवाइकांत कौतुकही झालं.

आज राउंडला डॉक्टर म्हणाले, "जिवाचा धोका टळलाय. शुद्ध मात्र येईलसं वाटत नाही. असेच चार-पाच वर्षंही काढतील. घरी न्यायची तयारी करा."

डॉक्टर गेल्यावर चिरंजीवांनी दारातून डोकावून बाहेर कुणी नाही ना, ते पाहिलं. मग सिस्टरला बाजूला घेऊन, पहिल्यांदाच तिला अहो-जाहो करत, हळूच म्हणाले,


"सिस्टर, संध्याकाळच्या इंजेक्शनला तुम्ही एकट्याच आलात तरी चालेल. मी जरा बाहेर असेन."