जसंच्या तसं

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या काच कारखान्यात भट्टी फुटून वॉल्ट नोविकी गेला आणि त्याच्या बायकोने, बर्नाडेटने, कंपनीला कोर्टात खेचलं. कंपनीचा वकील प्रेंटिस धावतच संगणक सांभाळणाऱ्या ग्लेनकडे आला.

"वॉल्टचं काही पुसायचं नाही. ईमेल, मेसेज, फोन, सगळं जसंच्या तसं ठेव. कोर्ट कधीही मागेल. एक अक्षर जरी गेलं तरी न्यायाधीश आपल्याला सोलून काढेल."

ग्लेनने सगळं डोळ्यांत तेल घालून जपलं.

कंपनीने दोनदा तडजोडीची तयारी दाखवली. बाईने दोनदा नकार दिला. "हावरट आहे रे ती," प्रेंटिस करवादला. शेवटी तिच्या स्वतःच्या वकिलानेच हात टेकले, तेव्हा कुठे तिने सही केली.

"आता कर साफ," प्रेंटिस म्हणाला. "जुनं ठेवलं की उद्या आणखी कोणीतरी मागायला येतं."

ग्लेनने जेवणाच्या सुट्टीआधीच सगळं पुसलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं त्याला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजला.

"मी बर्नाडेट नोविकी. वॉल्टच्या ऑफिसचा नंबर लागत नाहीये हो."

"मॅडम, पण वॉल्ट तर..."

"माहीत आहे मला. पण फोन उचलला नाही की त्याचा आवाज यायचा. 'मी वॉल्ट, जरा भट्टीपाशी आहे, निरोप ठेवा.' रोज ऐकायचे मी. खटला संपेपर्यंत तो कोणी पुसणार नाही, असं वकील म्हणाले होते. म्हणून तर सही करत नव्हते."

ग्लेनने काल पुसलेल्या फाइलींची यादी उघडली.

"तुमच्याकडे कुठेतरी असेल ना तो अजून?"