शेगडीचं अस्तर

"हे अस्तर नाही मावशी, ही नुसती खपली राहिलीय," असं म्हणत मिस्त्रीने शेगडीच्या पोटातून हात बाहेर काढला. हात कोपरापर्यंत काळा झाला होता.

मावशी खुर्ची ओढून समोरच बसल्या. "दुरुस्त होईल की नाही, तेवढं सांगा."

"होईल. पण आठ दिवस लागतील."

"रविवारपर्यंत करा. रविवारी मुलगा येतोय."

शेगडी कमरेएवढी उंच, अस्सल बिडाची होती. दारावर पानांची नक्षी होती, चौथा पाय कुठूनतरी आणून जोडलेला होता. मावशींच्या नवऱ्याने ती चाळीस वर्षांपूर्वी एका लिलावात घेतली आणि चार माणसं लावून जिन्याने वर चढवली. माणूस थंडीला भलताच भिणारा. लोक पंख्याखाली बसत तेव्हा हे गृहस्थ स्वेटर घालून शेगडीला चिकटलेले. चार महिन्यांपूर्वी ते गेले आणि त्याच सुमारास शेगडीही धूर ओकायला लागली.

मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला होता. शेगडी धूर न करता पेटली तर आईने हिवाळा इथे काढावा. नाहीतर शेगडी भंगारात आणि आई त्याच्या घरी. शिवाय वडिलांचं घड्याळ, पुस्तकं आणि रक्षा ठेवलेला पितळी डबा तो घेऊन जाणार होता. आपल्या सोसायटीच्या बागेत ती रक्षा घालून त्यावर झाड लावायचं त्याच्या मनात होतं. वडील असताना त्यांना कधी बागेत नेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मावशींनी याला चकार शब्दाने विरोध केला नाही. शेगडीसाठी मात्र त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

मिस्त्रीने दोन दिवस नुसती साफसफाई केली. छिन्नीने जुनी खपली काढली, तारेच्या ब्रशने गंज घासला, धुराड्यातून पाटीभर काजळी काढली. घरभर काळं झालं. मावशी मागून पुसत राहिल्या, कुरकुर न करता. एरवी चहाचा कप चुकून टेबलावर ठेवला तरी कपाळाला आठ्या घालणारी बाई!

तिसऱ्या दिवशी त्याने भट्टीची माती भिजवली. "आता राख लागेल. ज्या शेगडीचं अस्तर, तिचीच राख मातीत कालवायची. आमच्या वडिलांचा शिरस्ता आहे. त्याने माती आवळत नाही."

"किती लागेल?"

"दोनेक किलो."

"आणि ती आतच राहते? जळून, झडून जात नाही ना?"

मिस्त्री हसला. "एकदा भाजली की दगड होते, मावशी. शेगडी फुटेपर्यंत हलायची नाही."

"मग हात धुऊन चहा घ्या आधी. राख मी काढून देते."

चहा पिऊन कप गार होईपर्यंत मावशी काही आल्या नाहीत. आल्या त्या पातेल्यावर ताटली झाकून. राख पांढुरकी होती, थोडी खरबरीत. मिस्त्रीने चाळणी उचलली.

"चाळू नका."

"खडे आहेत यात. माती तडकेल."

"तडकू दे. सगळी घाला. वाया नाही घालवायची."

मिस्त्रीने खांदे उडवले. या वयाच्या बायकांशी वाद घालण्यात शहाणपण नाही, हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने सगळी राख कालवली, विटा बसवल्या, बोटांनी दाबून दाबून लिंपण केलं. मावशी पूर्ण वेळ शेजारी उभ्या होत्या. पातेलं त्यांनी स्वतः विसळलं आणि ते पाणीसुद्धा मातीतच ओतलं.

मग रोज एक छोटा जाळ. पहिल्या दिवशी मूठभर कोळसा, दुसऱ्या दिवशी दोन मुठी. शनिवारी सकाळी डाव्या बाजूला केसाएवढी चीर दिसली.

"सांगितलं होतं मी," मिस्त्री म्हणाला. "ही बाजू फोडून नव्याने करतो. संध्याकाळपर्यंत होईल."

त्याने छिन्नी उचलली आणि मावशींनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"फोडायचं नाही. काही केलं तरी फोडायचं नाही!"

त्यांचे डोळे भरून आले होते. उद्याची धास्ती घेतली बिचारीने, असं मिस्त्रीला वाटलं. त्यालाही वाईट वाटलं. त्याने पातळ माती करून चीर भरली आणि रविवारी स्वतःहून हजर राहिला.

मुलगा अकराला आला. कोट न काढताच शेगडीसमोर उभा राहिला. मिस्त्रीने जाळ केला. कोळशाने पेट घेतला, धुराडं नीट ओढायला लागलं, खोलीत धुराची रेघही आली नाही. मुलाने दार उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडून पाहिलं. शेवटी त्याने कोट काढला.

"बरं आई, हिवाळाभर राहा इथे."

जेवून तो निघाला. घड्याळ आणि पुस्तकं खोक्यात गेली, पितळी डबा त्याने टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला. मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जिन्यापर्यंत सोडायला गेल्या, परत आल्या आणि दाराला कडी घातली.

मिस्त्री हत्यारं आवरत होता. त्याला राहवलं नाही. "एक विचारू, मावशी? शेगडीसाठी एवढ्या हट्टाला पेटलात आणि मालकांना मात्र त्या डब्यातून मुकाट्याने जाऊ दिलंत?"

मावशींनी खुर्ची शेगडीजवळ सरकवली, तळवे ऊबेपुढे धरले आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

"त्या डब्यात कोळशाची राख आहे, मिस्त्री. मालक इथे आत आहेत. तुम्हीच तर लिंपलंत त्यांना."